किरणांच्या वाटेतले आवरण

करवीरनगरीत, म्हणजे कोल्हापुरात, वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला, मावळतीच्या आधीच्या काही मिनिटांत सारे गाव एकच प्रश्न विचारत असते : आज किरणे कुठपर्यंत आली? महाद्वारातून आत शिरलेला तो तांबूस झोत गरुडमंडप ओलांडतो, पितळी उंबऱ्यावर येतो, चांदीच्या उंबऱ्यावर येतो, आणि परंपरेचा क्रम असा की पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखाला स्पर्श करून तो लोपतो. एखाद्या वर्षी मात्र किरणे कमरेशीच थबकतात, एखाद्या वर्षी उंबराही ओलांडत नाहीत. अशा संध्याकाळी देवळातून परतणारी माणसे हळहळतात खरी. पण त्यांच्यातला एकही जण सूर्य आज उणा पडला असे म्हणत नाही. ढग होते का, हवेत बाष्प फार होते का, धूळ होती का, महाद्वारापासून रंकाळ्याच्या दिशेने जाणाऱ्या त्या सरळ रेषेत कोणाची भिंत, कोणाची टाकी, कोणाचा पत्रा वर आला का, एवढेच ती विचारतात. देणाऱ्याविषयी शंका नाही, शोध फक्त आवरणाचा, ही जी रीत कोल्हापूरच्या अंगवळणी पडली आहे तिच्याविषयी मी पुष्कळ दिवस विचार करत आलो आहे. आणि अलीकडे घराघरांच्या गच्चीवर जी निळीकाळी तावदाने चढू लागली आहेत त्यांच्याकडे पाहताना त्याच आवरणाचे एकेक पदर उलगडत जातात, म्हणून हे निरूपण.

प्रथम त्या तारखांकडेच थोडे थांबून पाहावे. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी हे दोन दिवस २२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या अंतरावर, सहा-सहा आठवड्यांवर आहेत. म्हणजे दक्षिणेकडे निघालेला सूर्य जाताना एकदा या दारासमोरून जातो, टोकाला जाऊन वळतो, आणि परतताना पुन्हा त्याच दारासमोर येतो; दार नेमक्या पश्चिमेला नसून किंचित दक्षिणेला कललेले आहे, ते यासाठीच. ज्याने हे मंदिर रचले त्याने सूर्याला काही केले नाही, त्याला खेचून आणले नाही, त्याचा वेग बदलला नाही. त्याने केवळ आपले दार एका जागी स्थिर केले आणि दारापुढची वाट मोकळी ठेवली. स्थिर होणे आणि मोकळे ठेवणे, या दोन क्रियांपलीकडे त्या शिल्पकाराचे कर्तृत्व नाही, आणि तेवढे कर्तृत्व शतकानुशतके पुरले आहे. वेदान्त ज्याला आवरणभंग म्हणतो तो याहून निराळा नाही : जे मिळवायचे ते बाहेरून आणायचे नसते, निर्माण तर मुळीच करायचे नसते, ते आहेच, त्याच्यावर जे आले आहे ते दूर सारायचे असते.

आता घराच्या गच्चीवर येऊ. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आणली, देशातल्या एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले, दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान ठरवले. तेव्हापासून राजारामपुरीत काय नि शिवाजी पेठेत काय, ‘सोलर बसवायचंय, किती प्लेटा लागतील?’ हे वाक्य लग्नसराईच्या चौकशीइतके सहज कानावर येऊ लागले आहे. कागदपत्रे, पोर्टल, महावितरणची मंजुरी, नेट मीटर यांची माहिती एजन्सीवाले माझ्याहून अधिक नेमकी देतील, तिच्यात मी शिरत नाही. मला अडवतो तो बोलण्यातला एक गृहीत भाव : जणू ही प्लेट म्हणजे वीज तयार करणारी गिरणी, आणि ती आणेपर्यंत आपल्या घरी काही नव्हते. वस्तुस्थिती अशी की निरभ्र दुपारी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतके तेज कोसळत असते. त्यातले साधारण दहा चौरस मीटरवरचे तेज धरले की एक किलोवॅटची मांडणी होते आणि ती वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देते. हे तेज घराचा स्लॅब पडला त्या दिवसापासून येत आहे. आपण त्याचे काय केले? त्याच्यापासून वाचण्यासाठी स्लॅबला चुना फासला, हिरवी जाळी ताणली, आणि दिवसभर स्लॅबने साठवलेली धग रात्री घरात उतरली की ती हटवायला पंखा लावला, त्या पंख्याची वीज विकत घेतली आणि लाईट बिल वाढले म्हणून कपाळाला हात लावला. दान दारात आले होते, आणि आपण दार लावून घेण्याच्या खर्चात होतो. आवरणाचा हा पहिला पदर फार जाड असतो, कारण तो वस्तूवर नसून दृष्टीवर असतो.

दृष्टीवरचे आवरण निघाले तरी पदार्थातले आवरण उरतेच. प्रकाश पडला की काही पदार्थांत वीज वाहू लागते, हे एदमों बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये पाहिले. असे का होते याचा उलगडा व्हायला १९०५ साल उजाडावे लागले, आणि तो करणाऱ्या आइन्स्टाइनला १९२१ चे नोबेल दिले गेले ते याच कार्यासाठी. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये सिलिकॉनची पहिली व्यवहारोपयोगी चकती तयार झाली तेव्हा ती आपल्यावर पडलेल्या तेजापैकी सहाएक टक्केच विजेत पालटू शकत होती. आज बाजारात येणारी प्लेट वीस-बावीस टक्क्यांपर्यंत पोहोचली आहे. पण त्या टक्क्यांपेक्षा मला त्या क्रियेचे स्वरूप अधिक मोहवते. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सूर्य आणून देत नाही, तो तिथे असतोच. अणूंच्या बंधात बद्ध असतो, आणि पुरेशा बळाचा एक प्रकाशकण आला की त्या बंधातून सुटून वाहायला मोकळा होतो. जे बळाने उणे, असे हजार कण आले तरी त्यांच्याने बंध सुटत नाही. आपल्याकडे गुरुकृपेविषयी जे बोलले जाते त्याचे ज्यांनी मनन केलेले आहे त्यांना हे वाचून फार नवल वाटणार नाही : शिष्यात नव्हते ते गुरूने घातले, असे कुणी जाणकार म्हणत नाही.

आणि इथेच एक गैरसमज गळून पडतो. आपल्याला वाटते, ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, म्हणजे एप्रिल-मेच्या रणरणत्या दुपारी प्लेट अगदी ओसंडून जात असेल. परंतु प्लेटेला हवा असतो प्रकाश, ताप नव्हे. तिची क्षमता मोजली जाते ती २५ अंश सेल्सियसला, आणि चकतीचे तापमान त्याच्या वर जाऊ लागले की दर अंशाला अंदाजे एक तृतीयांश टक्का क्षमता झडत जाते. मेमध्ये तिची काच हाताला सोसवत नाही, चकती साठ अंशांच्याही पलीकडे जाते, तेव्हा आकाशातून भरपूर येऊनही आतला प्रवाह थकलेला असतो. म्हणून फेब्रुवारीतला स्वच्छ, वारा वाहता दिवस मेच्या तापलेल्या दिवसाच्या बरोबरीला सहज येतो. तेजाबरोबर येणारा ताप हेही तेजाचे एक आवरणच. साधनेत उत्कटतेला आपण जितके मोल देतो तितके ते सर्वकाळ खरे नसते, हे जुन्या माणसांनी ओळखले होते. प्लेटा स्लॅबला चिकटवून बसवत नाहीत, खाली वारा खेळेल असे उंच स्ट्रक्चर करतात, त्याचे एक कारण हेच आहे.

सर्वात बारीक, आणि म्हणून सर्वात शिकवणारे आवरण मात्र सावलीचे. प्लेट जवळून पाहावी : साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, आणि तिच्यात शे-दीडशे लहान चौकटी, रुपेरी रेषांनी एकमेकींत गुंफलेल्या. यातली प्रत्येक चौकट अवघा अर्धा व्होल्ट देते, म्हणून त्यांची साखळी करतात, एकीतून निघालेला प्रवाह दुसरीतून, दुसरीतला तिसरीतून, आणि प्लेटांचीही पुन्हा तशीच साखळी. आता शेजारच्या नारळाची एक झावळी दुपारी तीनच्या सुमारास एका प्लेटेच्या कोपऱ्यावर आली, तर कोणीही म्हणेल की एवढासा कोपरा, शंभरात दोन भाग वीज कमी होईल. तसे होत नाही. उसाला पाणी नेणाऱ्या पाटात एका जागी ढेकूळ पडले की मागे कितीही पाणी असो, पुढच्या सऱ्यांना ढेकळाच्या कडेने जाईल तेवढेच मिळते. साखळीतल्या चौकटींचे तसेच, सर्वात दुबळी जेवढे वाहू देईल तेवढेच सगळ्यांतून वाहते. त्यातून झाकलेली चौकट नुसती स्वस्थही बसत नाही. इतरांनी दिलेली वीज ती स्वतःत जिरवते, तापते, आणि पुढे तिथे काळपट डाग पडतो. म्हणून प्रत्येक प्लेटेच्या पाठीला बहुधा तीन बायपास डायोड असतात, झाकलेला भाग वगळून प्रवाहाला आडवाटेने पुढे नेणारे. तरीही एका झावळीपायी प्लेटेचा तिसरा भाग गेलेला असतोच. आवरणाचे मोजमाप त्याच्या आकाराने करू नये, ते कोणत्या साखळीवर पडले आहे त्यावरून करावे. क्षुल्लक म्हणून राखून ठेवलेला एखादा आकस, एखादी गाठ सगळ्या उपासनेचे पाणी कसे अडवते, हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे त्याला साखळीचे हे गणित पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

कोल्हापूरचे म्हणून एक खास आवरण आहे, त्याचाही उल्लेख व्हायला हवा. पावसाळा सरतो, आकाश धुऊन निघते, प्लेटांचे खरे सुगीचे दिवस सुरू होतात, आणि नेमका त्याच सुमारास गळीत हंगामही उघडतो. शिवारात पाचट पेटवले जाते, कारखान्यांच्या धुराड्यांतून बगॅसची राख उडते, आणि सकाळी गच्चीवर जावे तर वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर आणि प्लेटांवर काजळीचे काळे, हलके, बोट लावताच चुरा होणारे तुकडे पसरलेले दिसतात. ती काजळी म्हणजे काय, याचा विचार करावा. वर्ष-दीड वर्ष शेतात उभ्या राहिलेल्या उसाने पानापानाने टिपलेला सूर्यच तो. साखर काढून घेतली, उरलेले जाळले, आणि कालच्या सूर्याची राख आजच्या सूर्याच्या वाटेत येऊन बसली. तेजाचेच अवशेष तेजाचे आवरण होतात. कधी काळी झालेल्या एखाद्या दर्शनाची आठवण कवटाळून बसलेला साधक नव्या दर्शनाला पारखा होतो तो असाच. काजळी काढण्याची रीत सोपी आहे, पण तिलाही वेळ पाळावी लागते : प्लेटा भल्या पहाटे, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसाव्यात, भर दुपारी तापल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतणारा उत्साही माणूस ती तडकवू शकतो, आणि बोअरचे जड पाणी तसेच वाळू दिले तर क्षारांचा पांढरा थर बसतो, जो काजळीहून चिवट. आवरण काढण्याच्या घाईत नवे आवरण चढवून ठेवणारे आपल्यात थोडे नाहीत.

इथवर आवरण म्हणजे दोष, ते दूरच व्हावे, असा सूर लागला आहे. त्या सुराला आता थोडा आवर घालायला हवा. त्या चौकटींवर काच आहे. बहुतेकदा सव्वातीन मिलिमीटर जाडीची, कडक केलेली. तीही काही टक्के प्रकाश परतवते, म्हणजे तीही आवरणच. पण ती काढून सिलिकॉन उघड्यावर ठेवले तर एका पावसाळ्यात त्याची माती होईल. काच आहे म्हणून प्लेटेकडून पंचवीस वर्षांची अपेक्षा करता येते. आणि याहून विलक्षण असे एक आवरण भिंतीवरच्या इन्व्हर्टरमध्ये असते, ज्याची ओळख नव्या सोलरवाल्याला पहिल्यांदा लाईट जाते त्या दिवशी होते. वर लखलखीत ऊन, गच्चीवर प्लेटा, आणि घरात पंखा बंद! बॅटरी नसलेली, ग्रीडला जोडलेली व्यवस्था ग्रीड गेले की स्वतःलाही तात्काळ बंद करून घेते. गिऱ्हाईक चिडते, फसवणूक झाली म्हणते. कारण असे की खांबावर कुणी वायरमन चढलेला असतो, तार मेलेली आहे या भरवशावर त्याने तिला हात घातलेला असतो, आणि आपल्या गच्चीवरची वीज त्याच तारेत शिरली तर त्याचा जीव जाईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५५ फुटांचीही रेषा ओलांडली, भागाभागांतली वीज बंद ठेवावी लागली. अशा दिवसांत पाण्यात उतरून काम करणाऱ्यांना त्या स्वतःहून मिटणाऱ्या यंत्राचा अर्थ विचारावा. आपले असूनही, हाताशी असूनही, कुणा अनोळखी माणसासाठी स्वतःवर ओढून घेतलेले आवरण : त्याला अज्ञान कसे म्हणावे? शास्त्रात ज्याला संयम म्हटले आहे, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

ढगांविषयीही माणसे उगाच कुरकुरतात. जून ते सप्टेंबर गगनबावड्याकडून येणारे ढग करवीरावर छत धरतात तेव्हा युनिट घटतात, हे खरे आहे. विखुरलेल्या प्रकाशावर प्लेट काम करतच राहते, परंतु मेचा आकडा जुलैत दिसत नाही. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेसतरा अंशांवर असल्यामुळे वर्षात दोन दिवस असे येतात की माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच लपते. एक मेच्या पहिल्या आठवड्यात, जो सर्वांना दिसतो, आणि दुसरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, जो बहुधा कुणालाच दिसत नाही, कारण वर आभाळ भरलेले असते. पण ते आभाळ भरले कुणी? अरबी समुद्रावरचे पाणी उचलले सूर्याने, वारे हलवले सूर्याने, सह्याद्रीच्या माथ्यावर ते रिते झाले आणि शाहू छत्रपतींनी भोगावतीवर उभारायला घेतलेल्या राधानगरीच्या धरणात साठले. त्या पाण्यावर चालणारी वीज, त्या पाण्यावर वाढणारा ऊस, हीही त्याच एका दात्याची रूपे. जो स्वतःच आवरण रचतो आणि त्या आवरणाआडूनही देतच राहतो, त्याच्यापुढे आपला महिन्याचा हिशेब फार तोकडा ठरतो. नेट मीटरच्या व्यवस्थेने हे थोडेसे मान्य केले आहे : एप्रिल-मेमध्ये आपण ग्रीडला दिलेले जादा युनिट आपल्या खाती जमा राहतात, पावसाळ्यात ते वळते होतात, आणि हिशेब मिटतो तो मार्चअखेर. वर्षाचा हिशेब वर्षाने करावा, एवढे तरी मीटरला कळते.

आणि हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून अंतरीच्या पदराकडे वळतो. ईशावास्य उपनिषदाच्या अखेरीस एक प्रार्थना आहे आणि ती सूर्यालाच केलेली आहे. सत्याचे मुख एका पात्राने झाकलेले आहे, ते तू दूर कर, असे ऋषी विनवतो, आणि ते पात्र मातीचे नाही, लोखंडाचे नाही, सोन्याचे आहे. या एका विशेषणावर मी जितका वेळ दिला तितका क्वचित कशावर दिला असेल. काजळी दिसते, झावळी दिसते, ती काढावीशी वाटते. सोन्याचे आवरण दिसते तेव्हा ते आवरण म्हणून दिसतच नाही, ते प्राप्तव्य वाटते. पैसे किती वर्षांत वसूल, अनुदान खात्यावर कधी, शेजाऱ्यापेक्षा माझे युनिट जास्त की कमी, हे प्रश्न प्रपंचात योग्यच आहेत, प्रपंच नीट करणाऱ्यानेच ते विचारावेत, आणि चार-पाच वर्षांत खर्च निघत असेल तर त्यात आनंद न मानणारा माणूस मला जरा संशयास्पदच वाटेल. पण मोबाईलवरच्या ॲपमध्ये सकाळी सहाला उगवून, दुपारी फुगून, सायंकाळी जमिनीला टेकणारी ती आलेखाची कमान पाहता पाहता, जो सूर्य आपण अर्घ्य देताना पाहत होतो तो युनिटांच्या मागे केव्हा गेला, हे ज्याचे त्याने तपासावे.

या तपासणीला कोल्हापुरात एक फार चांगली घटिका उपलब्ध आहे. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत किरणे महाद्वारातून आत शिरू लागतात तेव्हा सूर्य क्षितिजाला लागलेला असतो. दक्षिणेकडे तोंड करून सतराएक अंशांत कललेल्या प्लेटांवर तो तिरका, विरळ, लालसर प्रकाश जेमतेम पोहोचतो, आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा शून्याजवळ आलेला असतो. म्हणजे गच्चीच्या वहीत ज्या प्रकाशाची नोंदही होत नाही, त्याच प्रकाशासाठी मंदिराच्या आवारात हजारो माणसे श्वास रोखून उभी असतात. तिथेही मोजणारे असतात. भौतिकशास्त्राचे अभ्यासक यंत्र घेऊन किरणांची तीव्रता लक्समध्ये टिपतात, कोणत्या मिनिटाला किरण कुठे होता ते लिहून ठेवतात, आणि ते टिपणे मला भक्तीहून वेगळे वाटत नाही, कारण ते नफ्यासाठी नाही, आवरण शोधण्यासाठी आहे. मोजण्यात पाप नाही. वही दोन्हीकडे आहे. एकीत जे शून्य, ते दुसरीत पूर्ण, एवढे ध्यानात राहिले तर सोन्याचे पात्र थोडे तरी कलते.

राहता राहिला एक पदर, जो आपण बहुधा विसरतो : आवरण आपल्यावर येते तसे आपणही कुणाचे तरी आवरण असतो. किरणोत्सवाच्या मार्गात ज्यांच्या बांधकामांचे भाग आले ती माणसे काही देवीची वैरी नव्हती. कुणी मुलाच्या लग्नासाठी खोली चढवली, कुणी पावसासाठी पत्रा घातला, कुणी पाण्यासाठी टाकी उंचावली. आपल्या संसाराची एक साधी गरज शेकडो वर्षांच्या वाटेत उभी राहिली आहे, हे त्यांना मोजणी करणारे आले तेव्हा कळले. मार्गातले काही अडथळे पुढे उतरवलेही गेले. आता प्रत्येक गच्ची हे एक लहान महाद्वार होऊ पाहत आहे, आणि शेजारी मजला चढवणारा प्रत्येक जण त्या वाटेत येऊ शकतो. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम आहे. सलग वीस वर्षे निर्वेधपणे येत राहिलेल्या उजेडावर इमारतीचा हक्क तो मान्य करतो, पण तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खिडकी होती, गच्चीवरची प्लेट नव्हती. अपार्टमेंटमध्ये तर आकाश सर्वांचे आणि गच्ची कागदावर सर्वांची, त्यामुळे प्रत्यक्षात कुणाचीच नसते. सोसायटीच्या लिफ्टला, पंपाला, जिन्यातल्या दिव्यांना सामायिक सोलर बसवायला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदानाची सोय आहे, तरी ठराव अडतो तो बहुधा पैशांवर नव्हे. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम होऊन दाखवले, आपल्या करवीर तालुक्यातल्या शेळकेवाडीनेही घरोघरी प्लेटा चढवल्या. लहान वाड्यांना हे आधी साधले यात घरांची उंची सारखी असण्याचा वाटा किती आणि मनांचा किती, हे तिथे जाऊनच पाहावे.

ज्यांना बसवायचेच आहे त्यांनी एजन्सीवाल्याला बोलावण्याआधी डिसेंबरच्या उत्तरार्धातला एखादा निरभ्र दिवस गच्चीवर काढावा. सावल्या तेव्हा वर्षातल्या सर्वात लांब असतात, आणि कोल्हापुरात खरे माध्यान्ह घड्याळाच्या बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास येते. त्या क्षणी दहा फूट उंचीच्या टाकीची सावली उत्तरेकडे साडेआठ फूट पडते, दुपारी साडेतीनला ती ईशान्येकडे सतरा फुटांपर्यंत पसरते. म्हणून टाकी प्लेटांच्या उत्तरेला असलेली बरी. सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन, अशा तीन वेळा खडूने सावलीच्या कडा आखून घ्याव्यात, आणि कठड्याशी जाऊन आपल्या घराची सावली त्याच वेळी कुणाच्या स्लॅबवर किती सरकली आहे तेही टिपून ठेवावे.